"काका, बोर्ड गेलाय" : जुन्या कॉम्प्युटरपायी ८,००० रुपयांना लागलेला चुना

रोख नव्हे, गूगल पेने दिलेले ८,००० रुपये. आणि बिघाड काय होता, तर रॅमच्या (कॉम्प्युटरच्या चालू मेमरीच्या) पट्टीवर चढलेला मळ आणि मदरबोर्डावरचा (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) पन्नास रुपयांचा संपलेला बटण सेल. लिहितानाही डोकं सणकतंय.

मशीन जुनं आहे, मान्य. आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, एच-६१ चा बोर्ड, चार-चार जीबीच्या दोन डीडीआर-थ्री रॅम. सोसायटीचा हिशोब आणि घरचे फोटो, एवढंच काम. सुरू केलं की तारीख मागे गेलेली असायची (सेल संपल्याचं लक्षण, हे आता कळलं). मग एक दिवस पंखे फिरतायत, लाइट लागतोय, पण स्क्रीन काळी. ऑडिट तोंडावर होतं, म्हणून पुण्यातच, घराजवळच्या दुकानात कॅबिनेट नेऊन ठेवलं.

संध्याकाळी दुकानातल्या पोराने बोलावलं आणि माझ्यासमोर बटण दाबून दाखवलं. "बघा काका, पंखा फिरतोय, डिस्प्ले नाही, बीपसुद्धा नाही. बोर्ड गेलाय." मी वाकून आत बघितलं. रॅमच्या दोन्ही खाचांच्या पांढऱ्या क्लिपा उघड्या होत्या. दोन्ही पट्ट्या काउंटरवर, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी पडल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर! रॅम काढल्यावर कुठलाही कॉम्प्युटर डिस्प्ले देत नाही. बीप यायला कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर लागतो, तो माझ्यात नव्हताच. पेट्रोल काढून घ्यायचं आणि गाडी सुरू होत नाही म्हणून इंजिन बदलायला सांगायचं, तसला हा प्रकार. त्या दोन पट्ट्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, कॉम्प्युटर रिपेअरिंग नाही. समोरचा पोरगा इतक्या ठामपणे सांगत असताना "आधी रॅम लाव" म्हणायचं कुणाला सुचतं?

हिशोब असा: बोर्ड ३,८५०, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) १,४५०, २५६ जीबीची "नवीन" एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी लागणारी वेगवान डिस्क) १,९००, "ओरिजिनल" विंडोज ११ टाकायचे ५००, मजुरी ३५०. एकूण ८,०५०. वरचे पन्नास सोडले, उपकार केल्यासारखे! बिल मागितलं तर लेटरहेडसुद्धा नसलेल्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. पैसे गेले ते दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने केली. काढलेला बोर्ड आणि एसएमपीएस परत आणला. तुम्हीही आणा. दुकानदार "भंगारात जाईल, ठेवा इथेच" म्हणाला की समजा.

घरी टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडायला युगं लागायला लागली. भाचा आला, त्याने टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, "मामा, रॅम चारच जीबी दिसतेय." एक पट्टी गायब. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, तर "नवीन" एसएसडी ११,२६४ तास चाललेली निघाली, म्हणजे सलग पंधरा महिने. विंडोज ११ तर या प्रोसेसरला कंपनीच्या नियमात बसतच नाही, आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे इंटेल प्रोसेसर चालत नाहीत. आणि कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट करा" येतंच आहे. मग त्याने उरलेल्या रॅमचे सोनेरी दात साध्या खोडरबराने घासले, जुन्या बोर्डात नवा सेल टाकला, प्रोसेसर तिकडे बसवला, जुनाच एसएमपीएस जोडला. चालू! एच-६१ चे नवीन म्हणून मिळणारे बोर्ड बहुतेक जुन्या बोर्डांवरच्या चिप्स काढून, पुन्हा चिकटवून बनवलेले असतात, हेही त्यानेच सांगितलं.

मशीन देण्याआधी कॅबिनेट उघडून प्रत्येक भागाच्या स्टिकरचे फोटो काढा. हार्डडिस्क घरीच ठेवा.

दुकानात गेलो तर "आमच्याकडचा माल नाहीच हा." पोलीस चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, "पक्कं बिल आहे का? नाही? मग हे सिव्हिल मॅटर." बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल नाही म्हणून माझीच तक्रार घेत नाहीत! वर मला विचारतात, "आमच्या इथलाही एक पीसी बंद आहे, कुणी चांगला माणूस असला तर सांगा." ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, मग मेसेज आला: दुकानदाराकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद, ग्राहक आयोगाकडे जा. चोर उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद? मग तुम्ही बसलाय कशाला? जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही हे खरं, पण प्रतिज्ञापत्र, नोटरी, प्रतींचे संच, तारखा... ८,००० साठी किती जण जाणार? दुकानदाराला हे पाठ असतं.

मी जाणार आहे. दोन वर्षांची मुदत असते. फक्त ती चिठ्ठी आणि गूगल पेची नोंद एवढ्यावर तक्रार टिकते का, हे कुणी स्वतः लढलेलं असेल तर सांगा.