कुलकरांचा धाक आणि ऋषभदेवांची व्यवस्था

सांगली परिसरातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर दिगंबर आणि शेतकरी असल्यामुळे, आद्य शास्ते कोण मानावेत, कुलकर (म्हणजे आदिकाळी माणसांना वळण लावणारे कुलप्रमुख) की पहिले तीर्थंकर ऋषभदेव, हा प्रश्न येथे जिव्हाळ्याचा ठरतो.

दिगंबर परंपरेत 14 कुलकर सांगितले आहेत. आदिपुराण या जैन ग्रंथानुसार पहिल्या पाचांच्या काळी अपराध्याला केवळ ‘हा’, म्हणजे ‘अरेरे, हे काय केलेस’, एवढे म्हणणे पुरे होत असे. पुढील पाचांनी त्याला ‘मा’, म्हणजे ‘पुन्हा करू नकोस’, हा निषेध जोडला आणि उरलेल्यांनी ‘धिक्’ हा धिक्कार. लाज हाच दंड असलेला हा कायदा मला फार थोर वाटतो, परंतु तो कल्पवृक्षांच्या समृद्धीवर उभा होता.

ते वृक्ष लोपल्यावर, अखेरचे कुलकर नाभिराज यांचे पुत्र ऋषभदेव यांनी असि (शस्त्र), मषि (लेखन), कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली. शारीरिक दंड आला तो त्यांचे पुत्र भरत चक्रवर्ती यांच्या काळात.

कुलकरांनी माणसाला आवरले, ऋषभदेवांनी त्याला जगण्याचे साधन दिले. म्हणून कृष्णाकाठी नांगर धरणाऱ्या श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, ऋषभदेवच अधिक जवळचे वाटावेत, असे माझे मत आहे.