गांडुळं विष खातात, असं तो म्हणाला

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला ओढा आहे. वर औद्योगिक वसाहत झाल्यापासून पावसाळ्यात त्याचं पाणी बांध फोडून आत शिरतं. तिथल्या वीस गुंठ्यांत काहीही पेरा, पिवळंच पडतं. असल्या जमिनीवर कुणाची तरी नजर असतेच.

"काका, जमीन मेली नाही, आजारी आहे," गांडुळं विकायला आलेला पोरगा म्हणाला. "आमची गांडुळं तीन महिन्यांत सगळं विष खातील." किलोला 1,200 रुपये. मी 40 किलो घेतली. तालुक्यात तीच 400 ला मिळतात, हे नंतर कळलं.

ती होती आयसेनिया फेटिडा, म्हणजे गांडूळखताच्या बेडवरची नेहमीची लाल गांडुळं. ती शेणात, पाल्यात जगतात. उघड्या रानात, त्यात खारवट मातीत, टिकत नाहीत. आठवडाभर बगळ्यांची चंगळ झाली.

मी तक्रार केली, तर त्याने माती परीक्षणाचे दोन रिपोर्ट आणून दाखवले. सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेण-पाला कुजून मातीत येणारा कस, आधी 0.42 टक्के, आता 0.71. मी गप्प! खरी मेख तिथेच होती. नमुना त्याने स्वतः घेतला होता, वरच्या चार बोटांतला, जिथे त्यानेच गांडुळांबरोबर शेणखत पसरलं होतं. आणि नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त वगैरे. त्यांत शिसं, कॅडमियम, क्रोमियम नसतंच. जे विष काढायचं होतं, ते कुणी मोजलंच नव्हतं. ती तपासणी नाव घेऊन वेगळी मागावी लागते, नमुना आपल्या हाताने, वीतभर खोलीचा द्यावा लागतो.

पोरगा पूर्ण खोटं बोलत होता असंही नाही, म्हणून तर फसलो. तेल सांडलेल्या मातीत गांडुळं हवा खेळवतात, जिवाणू पसरवतात, आणि ते जिवाणू तेल फोडतात. धातू मात्र फुटत नाही. तो मातीत राहतो, नाहीतर गांडुळाच्या अंगात साठतो.

हे मला कृषी विज्ञान केंद्रातल्या एका सरांनी सांगितलं आणि लगेच विचारलं, "कोंबड्या आहेत का घरी?"

आहेत. तीन महिने त्या त्याच तुकड्यात उकरत होत्या. आता खुराड्यात आहेत आणि अंडी घरात कुणी खात नाही. पोराचा फोन बंद लागतो.