वैष्णोदेवीच्या हेलिकॉप्टरचं बनावट तिकीट

नागपूरहून आईवडिलांना वैष्णोदेवीला नेणार असाल, तर बुकिंगच्या आधी हे वाचा.

आईचे गुडघे दुखतात. पायथ्याच्या कटऱ्यापासून भवनापर्यंत, म्हणजे देवीच्या मंदिरापर्यंत, साधारण १३ किलोमीटरची चढण, म्हणून भवनाच्या अलीकडच्या सांझीछतपर्यंत हेलिकॉप्टर ठरलं. धाकट्या भावाने मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर आलेल्या साइटवर श्राइन बोर्डाचं (देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं) नाव, देवीचा फोटो आणि व्हॉट्सअॅप नंबर. लगेच फोन आला, "जय माता दी, भाईसाब!" माणूस इतका गोड की आईने त्याला फोनवरच आशीर्वाद दिला.

चौघांचे जाऊन-येऊन १६,८०० रुपये भरले. पीडीएफ आलं. त्यावर बोर्डाचं चिन्ह, क्यूआर कोड, आईचं वय, वजनसुद्धा. कटऱ्याला पोचलो त्या संध्याकाळी पुन्हा फोन: माणशी ३,००० विमा भरा, उतरल्यावर परत मिळेल, नाही तर सकाळी बसू देणार नाहीत. भावाने तेही भरले.

सकाळी काउंटरवरच्या पोराने नंबर टाकला आणि नकारार्थी मान हलवली. आई त्याला म्हणत होती, "अरे बाप्पा, नीट पाह्य ना, माझं नाव तं आहे त्यावर!"

दोन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या खासगी माणसांच्या नावावर गेले होते. यूपीआयचा पिन टाकण्याआधी ते नाव स्क्रीनवर दिसतं. १९८६ पासून कारभार पाहणारं बोर्ड देवस्थानाचे पैसे कोण्या भाऊच्या खात्यात कशाला घेईल? हेलिकॉप्टरचं बुकिंग बोर्डाच्या स्वतःच्या साइटवरच करा. यात्रेचं नोंदणी कार्ड फुकट असतं, त्याचेही पैसे मागणारे भेटतात. घोडा, पालखी, पिठ्ठू (पाठीवर ओझं वाहणारा हमाल) यांचे दर ठरलेले आहेत. फलक वाचूनच बोला.

काउंटरवरूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, माझा फोन बंदच होता. भावाचं पोस्टपेड होतं म्हणून निभावलं. आदल्या संध्याकाळचे विम्याचे पैसे बँकेने समोरच्या खात्यात गोठवले. तिकिटाचे केव्हाच पुढे सरकले होते. भाऊ रागाने चॅट पुसायला निघाला होता, त्याला थांबवलं. नागपुरात पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ते चॅटच मागितलं, सोबत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. आई पालखीने गेली. गोठवलेली रक्कम सोडवायला अर्ज दिला आहे.