तीच भूमिका, दुसरा नट : अभिषेक बच्चनचे काम कोणत्या काट्यावर तोलावे?

अभिषेक बच्चनचा विषय निघाला की पहिल्या वाक्यात त्याच्या वडिलांचे नाव येते आणि दुसऱ्या वाक्यात निकाल लागून जातो. त्याचे चित्रपट पाहावेत की नाहीत, आणि पाहायचे झाल्यास कुठून सुरुवात करावी, हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांच्यासाठी हा काटा निरुपयोगी आहे, कारण अमिताभ बच्चन यांच्याशेजारी उभे केल्यावर हिंदी पडद्यावरचे बहुतेक नट खुजेच दिसतील. आडनावामुळे त्याला इतरांपेक्षा जास्त संधी मिळाल्या, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. २००० साली ‘रेफ्युजी’मधून पदार्पण केल्यावर चार वर्षे चित्रपट आपटत राहूनही काम मिळत राहणे प्रत्येकाच्या नशिबी नसते. मात्र हा आक्षेप संधीवरचा आहे, अभिनयावरचा नव्हे. अभिनय जोखायचा असेल तर त्याने केलेली तीच भूमिका दुसऱ्या नटाने कशी केली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. सुदैवाने त्याच्या कारकिर्दीत अशी तीन उदाहरणे सापडतात, आणि त्यांतली दोन एकाच दिग्दर्शकाची आहेत.

मणिरत्नम यांनी २००४ साली एकच कथा दोन भाषांत चित्रित केली : हिंदीत ‘युवा’ आणि तमिळमध्ये ‘आयुध एळुत्तु’. हिंदीतला लल्लन सिंह अभिषेकने केला, तर तमिळमधला इन्बा माधवनने. दोघेही भाडोत्री गुंड, दोघेही बायकोवर जीव टाकणारे आणि तिच्यावरच हात उगारणारे. माधवनचा इन्बा उत्तम आहे. गोड चेहऱ्याच्या नायकाची प्रतिमा त्याने निर्दयपणे मोडून काढली. तरीही मला लल्लन अधिक अस्वस्थ करतो. इन्बा रागावणार हे आधी जाणवते, पण लल्लन कधी हसेल आणि कधी अंगावर येईल याचा पत्ता लागत नाही. राणी मुखर्जीच्या शशीबरोबरच्या प्रसंगांत तो एका क्षणी लाडीगोडी लावतो, दुसऱ्या क्षणी त्याचा आवाज तेवढाच राहून फक्त नजर बदलते, आणि प्रेक्षक तिच्या बाजूने दचकतो. या भूमिकेसाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. ‘सरकार’ आणि ‘कभी अलविदा ना कहना’ या चित्रपटांसाठीही तो मिळाल्याने हे पारितोषिक सलग तीन वर्षे त्याच्याकडे गेले. ‘युवा’पूर्वी ज्यांनी त्याला निकालात काढले होते, त्यांची घाई या एका भूमिकेने उघडी पाडली.

दुसरे उदाहरण त्याच्या विरोधात जाते, आणि ते लपवून त्याची बाजू मांडण्यात अर्थ नाही. २०१० सालचा ‘रावण’ आणि त्याचे तमिळ रूप ‘रावणन’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले. तमिळमध्ये वीराची भूमिका विक्रमने केली. हिंदीतला बीरा अभिषेकने केला आणि त्यात विक्रम समोरच्या पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत होता. इथे विक्रम सरळ सरळ सरस ठरतो. बीराचे मान झटकणे, तोंडाने आवाज काढणे, मध्येच खदाखदा हसणे हे सारे वरून चिकटवल्यासारखे वाटते. विक्रमच्या देहात तेच रानटीपण मुरलेले दिसते. फरकाचे कारण मला भूमिकेच्या स्वरूपात दिसते. लल्लन हा हाडामांसाचा माणूस होता : त्याला बायको होती, पैशाची हाव होती, कुणाच्या तरी नजरेत मोठे व्हायचे होते. बीरा हे मुख्यतः प्रतीक आहे. प्रतीकाला स्वतःच्या अंगातून जिवंत करण्याची ताकद विक्रममध्ये आहे, अभिषेकमध्ये ती नाही. त्याला पकडायला माणूस लागतो.

तिसरी जोडी बॉब बिस्वासची. ‘कहानी’त (२०१२) शाश्वत चटर्जींनी थोड्याच दृश्यांत हा विमा एजंट-मारेकरी अजरामर केला, २०२१ च्या ‘बॉब बिस्वास’मध्ये अभिषेकने तो पूर्ण लांबीचा केला. ही तुलना थोडी अन्यायकारक आहे, कारण थोडक्यात भीती घालणे आणि स्मृती गमावलेल्या माणसाला दोन तास पेलणे ही वेगळी कामे आहेत. भीतीत शाश्वत पुढे आहेत. गोंधळलेल्या गृहस्थाचे ओशाळेपण अभिषेकने नीट धरले आहे.

ज्या भूमिकेला दुसरा नट जोडीला नाही अशी त्याची सर्वांत मोठी भूमिका म्हणजे ‘गुरु’ (२००७), पुन्हा मणिरत्नम यांचीच. शेवटी चौकशी आयोगासमोर अर्धांगवायूने खचलेला उद्योगपती गुरुकांत देसाई बोलायला उभा राहतो. त्याला पाच मिनिटे दिलेली असतात. तो साडेचार मिनिटांत आटोपतो आणि वाचलेली तीस सेकंदे हा आपला नफा असल्याचे ऐकवतो. हा प्रसंग आक्रस्ताळेपणाने सहज वाया गेला असता. अभिषेक मात्र जड झालेल्या जिभेचा उपयोग करतो, शब्द ओढत नेतो, आणि हिशेब सांगताना त्याच चेहऱ्यावर दुकानदाराची मिस्कील चमक आणतो. खेड्यातून आलेला हट्टी पोरगा आणि हा म्हातारा एकच माणूस आहेत, यावर तिथे विश्वास बसतो.

तेव्हा निवड करणाऱ्यासाठी माझा सल्ला असा. एकच चित्रपट पाहायचा असेल तर ‘गुरु’ पाहावा. तो पाहूनही मन वळले नाही, तर पुढे आग्रह नाही. दोन पाहायचे असतील तर ‘युवा’ जोडावा, आणि शक्य झाल्यास तमिळ रूपही पाहून मत स्वतः बनवावे. ज्यांना मोठ्या आवाजाचा कंटाळा आहे त्यांनी ‘मनमर्जियाँ’ (२०१८) घ्यावा. त्यातला रॉबी बायकोचे मन दुसरीकडे आहे हे ओळखूनही थयथयाट करत नाही, आणि लग्न मोडल्याच्या कागदांवर सह्या झाल्यावर ती दोघे रस्त्याने चालत गप्पा मारतात, तो शेवट त्याच्या संयमामुळेच उभा राहतो. ‘धूम’ मालिका त्याच्या नावावर मोजू नये. तिथे मोटारसायकली आणि खलनायक यांच्यासाठीच पटकथा लिहिलेली आहे. ‘रावण’ मात्र तमिळमध्येच पाहावा.