आईच्या फोनवर कोणता मेसेज जावा: आपोआप सुटणारा की कुणीतरी लिहिलेला?

बाळंतपणाचा तिसरा दिवस, रात्रीचे दोन. छाती दाटून दगड झालीय, बाळ तोंड लावतं आणि रडून सोडून देतं. ओट्यावर दुधाच्या पावडरचा डबा तयार आहे. अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन आयांसाठी स्तनपानाला मदत करणाऱ्या मेसेजची सोय करायला निघाला असाल, तर निवड करताना ही रात्र डोळ्यांपुढे ठेवा.

२०१९च्या जन्मदाखल्यांवरच्या नोंदींनुसार कृष्णवर्णीय आयांच्या ७३.६ टक्के बाळांना सुरुवातीला आईचं दूध मिळालं. आशियाई आयांच्या बाळांत हाच आकडा ९०.३ टक्के होता. या आयांना पाजायचं नसतं, असा अर्थ कुणी काढू नये. बाळाला लगेच छातीशी लावणं, आईजवळच ठेवणं, गरज नसताना वरचं दूध न देणं या गोष्टी कृष्णवर्णीय वस्ती जास्त असलेल्या भागांतल्या हॉस्पिटलांत कमी पाळल्या जातात, हे सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनंच २०१४मध्ये मांडलं. त्यात पगारी बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा नाही. गुलामगिरीत कितीतरी जणींना मालकाची बाळं पाजावी लागली, त्याचा सलही काही घरांत अजून आहे. म्हणून सल्ला कोण देतंय याला इथे फार महत्त्व आहे.

आपोआप जाणाऱ्या मेसेजचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१०मध्ये सुरू झालेलं टेक्स्टफॉरबेबी. फुकट, आठवड्याला तीन मेसेज, बाळंतपणाच्या तारखेवर बेतलेले. कमी खर्चात हजारो जणींपर्यंत पोचायचं तर याला तोड नाही. पण दोन वाजता आईनं विचारलं, तर पलीकडे कुणी नाही. आणखी एक गोष्ट मला फार खुपते. कृष्णवर्णीय आयांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं गोऱ्या आयांच्या सुमारे दीडपट होतात. बाळ काचेच्या पेटीत असताना ‘आज बाळाला कुशीत घेऊन पाजा’ असा मेसेज आला तर त्या आईचं काय होत असेल? ही पद्धत घ्यायचीच असेल, तर एका शब्दात मेसेज थांबवण्याची किंवा बदलण्याची सोय असल्याशिवाय घेऊ नका.

दुसरी पद्धत दुतर्फी, म्हणजे आईनं लिहिलं की पलीकडून कुणीतरी उत्तर लिहितं. गरजू आया-बाळांच्या पोषणासाठीच्या ‘विक’ (WIC) या अमेरिकी सरकारी योजनेत स्वतः बाळाला पाजलेल्या, त्याच वस्तीतल्या बायका सल्लागार म्हणून काम करतात. कनेक्टिकटमध्ये लॅच नावाच्या प्रयोगात त्यांच्या हाती मेसेज दिले. बाळंतपणानंतर आई आणि सल्लागार यांची गाठ पुष्कळ लवकर पडू लागली. मात्र फक्त आईच्याच दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण त्यानं लक्षणीय वाढलं नाही. हे लपवू नये. मेसेज हॉस्पिटल सुधारत नाही, रजाही मिळवून देत नाही.

तरीही माझा कौल दुतर्फीलाच. ‘मी जागी आहे. बाळ कुठल्या बाजूला नीट पितंय?’ एवढ्या दोन ओळींनी डब्याचं झाकण सकाळपर्यंत बंद राहू शकतं. मुंबईच्या ‘अरमान’ या संस्थेनं आयांना माहिती देणाऱ्या एममित्र या सेवेसाठी बोलता फोन निवडला, वाचता न येणाऱ्या आयांसाठी ते योग्यच होतं. अमेरिकेतल्या या आयांना मात्र बाळ अंगावर झोपलेलं असताना अंगठ्यानं टाइप करता येणं आणि कामावर दहा मिनिटांच्या सुट्टीत वाचता येणं जास्त उपयोगाचं.

प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. बाळानं तोंडात नीट धरलंय का, हे शेजारी बसूनच कळतं. डेट्रॉइटमध्ये २००७पासून ब्लॅक मदर्स ब्रेस्टफीडिंग असोसिएशन आयांना एकत्र बसवते. तुमच्या गावात असा गट असेल, तर मेसेज त्याला जोडा.

पैसे कमी असतील तर कमी आयांना सामील करा, पण पहिले दोन आठवडे रात्री उत्तर देणाऱ्या बाईला पगार द्या, फुकट राबवू नका. आणि ताप आला, बाळ सुस्त पडलं किंवा लंगोट कोरडे राहिले, तर मेसेजची वाट न पाहता कुठे फोन करायचा, तो नंबर पहिल्याच मेसेजमध्ये असू द्या.