मोमेटासोनचा नाकातला स्प्रे: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकाच्या ॲलर्जीसाठी दिलेला मोमेटासोनचा, म्हणजे एका स्टेरॉइडचा, स्प्रे अजून चालू आहे. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळ राहतो. मेट्रो ४ च्या कामाची धूळ, पावसात भिंतींना ओल, गाद्यांत धूळकिडे. सकाळी शिंकांवर शिंका, रात्री नाक चोंदलेलं, हे ठरलेलंच.

स्प्रे मारला की लगेच नाक उघडेल, ही अपेक्षा मुळीच ठेवू नका. चोंदलेलं नाक उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब नाकाच्या आतल्या अस्तरातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून मिनिटांत मोकळं वाटतं. पण ते सलग ४-५ दिवसांच्या पुढे घातले तर नाक आणखी चोंदायला लागतं. स्टेरॉइडचं काम खोलवर चालतं. ते अस्तराच्या पेशीत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला (औषध पकडणाऱ्या प्रथिनाला) जोडून केंद्रकात जातं आणि इंटरल्यूकिन-४, ५ यांसारखी सूज वाढवणारी रसायनं तयार करणाऱ्या जनुकांना आवर घालतं. मग अस्तरात इओसिनोफिल (ॲलर्जीत सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी गोळा होतात, वरच्या थरातल्या मास्ट पेशीही (शिंका आणणारं हिस्टामिन सोडणाऱ्या) घटतात. याला वेळ लागतो. मला खरा फरक दुसऱ्या आठवड्यात जाणवला, आणि नंतर फोडणीचा वासही येऊ लागला. ते सुख निराळंच!

आईला काळजी होती: "रोज स्टेरॉइड? आतली कातडी पातळ होईल ना रे?" प्रश्न रास्त आहे, स्टेरॉइडच्या मलमाने त्वचा खरंच पातळ होते. पण वर्षभर मोमेटासोन वापरलेल्या रुग्णांच्या नाकातल्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९९८ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अस्तर पातळ झालेलं दिसलं नाही. उलट ॲलर्जीने जागोजागी बदललेलं अस्तर पूर्वीपेक्षा कमी आढळलं. हे वाचून आईपेक्षा मलाच जास्त धीर आला.

त्रास एकच. मधूनमधून नाक कोरडं पडतं, शिंकरताना रक्ताचा ठिपका दिसतो. फवारा दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर बसला की असं होतं. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, आणि टोक कानाच्या दिशेला. डॉक्टरांनी हे करून दाखवल्यापासून ठिपके जवळपास थांबले. मारताना जोरात ओढू नका, औषध घशात उतरतं आणि वाया जातं.

ॲलर्जी मुळातून जात नाही, बंद केल्यावर ती परतू शकते. आता प्रत्येक बाजूला दोनऐवजी एकच फवारा आहे. पुढच्या तपासणीत डॉक्टर पडदा बघून पुढचं ठरवतील.