'सेल्मा' की 'मिसिसिपी बर्निंग'?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कलढ्यावरचा एकच सिनेमा बघायचा असेल, तर माझं मत 'सेल्मा'ला (२०१४).

थरार हवा असेल तर 'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) सरस, हे मान्य. १९६४ साली तीन कार्यकर्त्यांचा खून झाला, त्याचा हा तपास. जीन हॅकमन तर नुसता उभा राहिला तरी बघत बसावं. पण नायक कोण? एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. ज्यांची घरं जळतात ती माणसं बहुतेक वेळ मागे, गप्प.

'सेल्मा'त उलटं. तिथे एफबीआय मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मागावर आहे. पाळतीच्या नोंदी थेट पडद्यावर उमटतात. सुरुवातीचा एक प्रसंग बघाच. ॲनी ली कूपर (ओप्रा विन्फ्री) मतदार नोंदणीला जाते. कारकून राज्यघटनेची प्रस्तावना म्हणायला लावतो. ती म्हणते. अलाबामात काउंटी न्यायाधीश किती? सदुसष्ट. बरं, मग सगळ्यांची नावं सांग! अर्ज फेटाळला. ना गोळी, ना आग, तरी अंगावर येतं. ७ मार्च १९६५ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर सेल्मा गावच्या पुलावर पोलिसांनी केलेला लाठीमार त्यानंतर बघवत नाही.

किंग यांच्या मूळ भाषणांचे हक्क दुसरीकडे अडकले होते, म्हणून दिग्दर्शिका अव्हा ड्युव्हर्ने यांनी ती नव्याने लिहिली. कळतसुद्धा नाही. अध्यक्ष जॉन्सन मात्र जरा जास्तच आडमुठे रंगवलेत. मध्यंतरानंतर गती मंदावते, तेवढं सोसायचं.